रोजवाली

काशिनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका बाईच्या कानात बॅटरी मारून बघत होते. दुपारची वेळ, बाकावर गर्दी, मागच्या भिंतीपलीकडे लूम चालू. फोनवर त्याच्या बायकोचं नाव दिसलं आणि मी तो लगेच उचलला नाही. आधी त्या बाईचा कान पुरता बघितला, थेंब लिहून दिले, कानात काडी घालायची नाही म्हणून तिला दमात घेतलं आणि मग फोन लावला. पलीकडून काय ऐकू येणार ते मला ठाऊक होतं. तो जाणार हे मला काही आठवडे आधीच कळलं होतं, आणि तेही कुठल्या रिपोर्टवरून नाही. त्याच्याच तोंडून निघालेल्या एका शब्दावरून कळलं होतं. निर्मलावहिनी एवढंच म्हणाल्या, "बाय, गेलं ते." मी म्हटलं, "येते." दोघींपैकी कोणालाच रडू आलं नाही. मला आला तो राग, आणि महिना उलटून गेला तरी तो उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहितात का, असं कोणाला वाटलं तर त्यांनी खुशाल पान उलटावं. मी त्याच्याशी जन्मभर भांडले, आता गप्प बसायचं मला काही कारण दिसत नाही.

भिवंडीत धामणकर नाक्याजवळ आमचा दवाखाना एकच, डॉक्टर दोन. सकाळी डॉ. काशिनाथ, संध्याकाळी मी, डॉ. नसीम. दुपारी शटर अर्धं खाली ओढून दोघं डबा खायचो आणि एकमेकांच्या पेशंटांवरून वाद घालायचो. गाळा माझ्या अब्बांचा. आमचं घराणं कोकणी मुसलमानांचं, तीन पिढ्या लूमवाले, यंत्रमागांचा कारखाना. दवाखान्याच्या मागची भिंत म्हणजे आमच्याच कारखान्याची भिंत. काशिनाथ जवळच्या वळ गावचा, आगरी शेतकऱ्याचा मुलगा, कॉलेजात माझ्या पुढे. त्याला जागा हवी होती तेव्हा अब्बांनी त्याला कारखान्यात बोलावून घेतलं, लूम चालू असताना अर्धा तास गप्पा मारल्या आणि घरी येऊन म्हणाले, "मुलगा चांगला आहे. एवढ्या आवाजात ओरडत नाही, जवळ येऊन बोलतो." झालं, तेवढ्यावर गाळा दिला. पेशंट त्याला काशीडॉक्टर म्हणायचे, मला आपा. तो मला त्याच्या गावच्या रीतीप्रमाणे बाय म्हणायचा. माझ्याकडे लोक औषध घ्यायला येत आणि त्याच्याकडे बोलायला जात, हे मी तेव्हाही कबूल करत होते. मी फटकळ, तो ऐकणारा. एका गाळ्यात दोघं ऐकणारे असते तर दवाखाना कधी बंदच झाला नसता.

या गावात डोकं दुखत नाही असा माणूस शोधून दाखवा. लूमची खटखट, हवेत कापसाचा तूस, बारा तासांची ड्युटी, पत्र्याखालचा उकाडा, पाणी पिणार नाहीत, जेवणार अवेळी, तोंडात तंबाखू. वडपे गावच्या गोडाऊनमध्ये दिवसभर डोक्यावर माल वाहणाऱ्या बायकांची मान आखडते आणि कळ कपाळात येते. त्यात नाक्यावरचा धूर. त्यामुळे चहाच्या टपरीवर चहा, खारी आणि डोकेदुखीची गोळी एकत्रच मिळते. लोक सकाळी एक घेतात, शिफ्ट सुटल्यावर एक घेतात, पुढे पुढे तर गोळीनेच डोकं दुखायला लागतं. काशिनाथ हे सांगून सांगून दमला. "गोळी बंद कर, चार दिवस जास्त दुखेल, मग थांबेल," असं तो म्हणायचा तेव्हा पेशंट त्याच्याकडे असा बघायचा की हा डॉक्टर आहे की वेडा. पण त्यातले काही खरंच बंद करत आणि पंधरा दिवसांनी पेढे घेऊन येत. मी म्हणायचे, गोळी न दिल्याचे पेढे खाणारा तू भिवंडीतला पहिलाच.

त्याला डोकेदुखीचं एवढं अप्रूप का, याचं कारण त्याची स्वतःची अर्धशिशी. शाळेपासून होती. महिन्यातून एकदा, फार तर दोनदा यायची. डोळ्यांपुढे आधी चकाकत्या रेघा नाचायच्या, मग उजवी बाजू फुटायला लागायची, उलटी व्हायची, आणि तो मागच्या खोलीत पडदा ओढून, डोळ्यांवर ओला टॉवेल टाकून पडायचा. भिंतीपलीकडे लूम खणखणत असायचे. संध्याकाळपर्यंत उठायचा, तोंड धुवायचा, चहा मागायचा, आणि मग महिनाभर छान असायचा. हे मी इतकं सविस्तर सांगते आहे कारण पुढे सगळं यावरच अडणार आहे. त्याची डोकेदुखी येणारी होती आणि जाणारी होती. ती कधीच रोजची नव्हती.

आता तो शब्द. कोणी डोकं धरून आलं की आम्ही डॉक्टर विचारतो, नेहमीचीच आहे की नवीन? भिवंडीत याला ठरलेलं उत्तर आहे. "रोजवाली है, साहब." आगरी बाई असली तर, "रोजचीच हाय, डॉक्टर." डोंगरातल्या पाड्यावरून मजुरीला येणारे तर नुसती मान हलवतात. का? तर सगळ्यांना पक्कं माहीत आहे की नवीन म्हटलं की डॉक्टर ठाण्याला पाठवणार, फोटो काढायला सांगणार, दिवस मोडणार, लूमवर दुसरा माणूस उभा राहणार. रोजवाली म्हटलं की दोन गोळ्या आणि सुट्टी. त्यामुळे या गावात रोजवाली म्हणजे रोजची असं नाही. रोजवाली म्हणजे, डॉक्टर, खोलात जाऊ नका. मला हे समजायला वर्षं लागली, काशिनाथला पहिल्याच पावसाळ्यात समजलं, कारण त्याच्या घरीदारी सगळे असंच बोलायचे.

एकदा आमच्याच मागच्या कारखान्यातला एक कारागीर आला होता. आझमगढकडचा, गप्प, कामाला वाघ. तोही म्हणाला, रोजवाली. त्याच्या जागी मी असते तर चिठ्ठी फाडून मोकळी झाले असते, बाहेर रांग केवढी होती. काशिनाथ त्याला म्हणाला, "रोज की है, ठीक है. रोज कब से है?" तो म्हणाला, "रोज तो रोज से ही है." काशिनाथ म्हणाला, "फिर भी?" त्याने विचार केला आणि म्हणाला, "ईद के बाद से." काशिनाथ माझ्याकडे बघून हसला. ईद होऊन दीड महिना झाला होता. मग हळूहळू बाहेर आलं, सकाळी उठल्याउठल्या जास्त दुखतं, खोकलं की वाढतं, दोनदा उलटी झाली, हातातून सुताचा बॉबिन सुटतो. त्याला ठाण्याला पाठवलं. मेंदूत टीबीची गाठ निघाली. दीड वर्षं औषधं घेतली आणि माणूस परत लूमवर उभा राहिला, आजही आहे, मयताला आला होता. तेव्हापासून काशिनाथचं वाक्यच झालं, की रोजवालीलाही जन्मतारीख असते, ती विचारा. आणखी एक म्हणायचा, ते मला तेव्हाही आवडलं नव्हतं. म्हणायचा, "बहुतेक डोकी नुसतीच दुखतात, बाय. एखादं मारायला निघालेलं असतं. पण तेही दारात चप्पल काढूनच येतं आणि रांगेतच बसतं." हे सांगताना तो बाकाकडे बघायचा आणि मीही बघायचे. कोणीतरी जांभई देत असायचं, कोणीतरी मोबाइल बघत असायचं... त्यातलं कुठलं ते कळायचं नाही.

यंदा उन्हाळ्याच्या आधी एका दुपारी डबा खाऊन तो हात धुवायला बाहेर निघाला आणि अर्ध्या शटरच्या कडेवर त्याचं डोकं आपटलं. उंच माणूस, जन्मभर त्या शटरखालून वाकून गेला, त्या दिवशी वाकला नाही. टेंगूळ आलं, बाकी काही नाही. मी बर्फ आणवला. तो म्हणाला, "माझं सोड, शटर वाकलं का बघ." मी हसले, आणि हसता हसता मला आठवलं की हृदयात स्टेंट टाकल्यापासून हा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या खातो. डॉक्टर लोकांना सांगायला नको, पण वाचणाऱ्यांना सांगते. वय झालेल्या माणसाचा मेंदू कवटीत थोडा सैल बसतो, त्यात रक्त पातळ असेल तर साध्या धक्क्यानेही एखादी बारीक शीर फुटते आणि आत रक्त झिरपत राहतं. एका दिवसात कळत नाही. तीन-चार आठवडे जातात, टेंगूळ विसरायला होतं, आणि मग डोकं दुखायला लागतं. मी त्याला तिथेच म्हटलं, "पुढचा महिनाभर मी तुझ्यावर डोळा ठेवणार." तो म्हणाला, "ठेव. दुसरा उद्योग काय हाय तुला?"

मी डोळा ठेवला आणि जे दिसायला लागलं ते मला बघवेना. आधी त्याचा चहा निवायला लागला. कडक चहा घशाखाली ओतणारा माणूस कपाकडे बघत बसायचा. मग एका जुन्या पेशंटला त्याने तिच्या सासूच्या नावाने हाक मारली. ती बिचारी हसली, तिला वाटलं डॉक्टर मस्करी करतायत. मग दुपारी बोलता बोलता डोळे मिटायला लागले. मग एकदा तो मागच्या खोलीतून बाहेर आला तेव्हा डाव्या पायातली चप्पल आतच राहिली होती आणि त्याला ते कळलं नव्हतं. तसाच खुर्चीत बसला, एक पाय अनवाणी. मी ती चप्पल उचलून आणली, त्याच्या पायाजवळ ठेवली आणि विचारलं, "डोकं दुखतंय?" तो म्हणाला, "हं." मी म्हटलं, "कसं?" आणि काशिनाथ माझ्याकडे न बघता म्हणाला, "काय न्हाय गं बाय... रोजवालीच हाय."

ज्या माणसाने त्या शब्दावर कधी विश्वास ठेवला नाही, जो शब्द म्हणजे खोटं हे ज्याने मला शिकवलं, तोच तो शब्द माझ्या तोंडावर फेकत होता. मी म्हटलं, "रोज कधीपासून?" तो म्हणाला, "शाळेपासून." म्हटलं, "काशिनाथ, तुझी अर्धशिशी महिन्यातून एकदा येते. उलटी होते, संध्याकाळी उतरते. रोज कधी झाली ती?" तो बाहेर बघून म्हणाला, "कोण हाय पुढचा?" आणि पुढचा पेशंट आत आला.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. ठाण्याला सीटी स्कॅनची वेळ घेतली, तो म्हणाला गुरुवारी जाऊ. गुरुवारी त्याच्या भावकीत हळद निघाली. आमच्याकडची आगऱ्यांची हळद ज्यांना माहीत नाही त्यांनी एकदा जाऊन बघावी. डीजेच्या भिंती लावतात, छाती हादरते, मंडपातला प्रत्येक माणूस दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसतो. काशिनाथला आयतंच निमित्त मिळालं. शुक्रवारी म्हणाला, "अख्ख्या वळचं डोकं दुखतंय, सगळ्यांना ठाण्याला नेतेस का?" दवाखान्यात बसलेले लोक हसले. मला हसू आलं नाही. मी वहिनींना फोन केला, तर त्यांना वाटत होतं मी उगाच घाबरवते आहे. त्या म्हणाल्या, "बाय, यांची ती पावनी हाय. येते नि जाते. माझा लगीन झाला तवापासून बगते मी." त्यांच्या घरात अर्धशिशीला पाहुणी म्हणत, लाडाने म्हणत. पाहुणी आली की मुलं हळू बोलत, टीव्ही बंद होई. घरात दुसरंच कोणी शिरलं होतं आणि सगळे त्याच्यासाठी तसंच हळू बोलत होते.

शेवटी शनिवारी मी स्वतः गाडी काढून वळला गेले. आता ते गाव म्हणजे गोडाऊनांच्या मधे उरलेली घरं. चारी बाजूंनी पत्र्याच्या भिंती, आणि मागे सरकणाऱ्या कंटेनरची ती टूं टूं दिवसभर. काशिनाथ आतल्या खोलीत पलंगावर बसला होता. मी म्हटलं, "ऊठ, वेळ घेतली आहे, गाडी दारात आहे." तो म्हणाला, "बस जरा." आणि मग जे कधी बोलला नव्हता ते बोलला. त्याच्या थोरल्या भावाला, एकनाथला, पंचवीस वर्षांपूर्वी मुंबईला डोक्याच्या ऑपरेशनला नेलं होतं. गाठ होती, वाईट ठिकाणी होती. एकनाथ याच खोलीत, याच पलंगावर तीन वर्षं पडून राहिला. डोळे उघडे, ओळख कोणाचीच नाही. काशिनाथ त्याला भरवायचा. मला हे सगळं माहीत होतं, पण जे पुढे म्हणाला ते माहीत नव्हतं. म्हणाला, "तो चालत गेला होता, बाय. स्वतःच्या पायाने गाडीत बसला. मीच बसवला त्याला. डॉक्टर होतो ना मी, सगळ्यांनी माझा ऐकला..."

मी त्याला समजावलं. तुझं वेगळं आहे, तुझ्यात बहुतेक रक्त साकळलं आहे, कवटीला बारीक भोक पाडून काढून टाकतात, आठवड्यात माणूस घरी येतो, तूच अशा दोघांना पाठवून वाचवलं आहेस. तो म्हणाला, "तू आत बघितलंस?" मी म्हटलं, "आत बघायलाच तर जायचं आहे." त्याने पाय पलंगावर घेतले. मग मी आवाज चढवला. मला आवाज चढवता येतो, कारखान्यात वाढलेली मुलगी आहे मी. म्हटलं, असाच कोणी तुझ्याकडे पेशंट म्हणून आला असता तर तू काय केलं असतंस? तो म्हणाला, "उचलून नेला असता." म्हटलं, "मग?" तो हसला आणि म्हणाला, "सोमवारी येतो. देवाशपथ येतो. उद्याचा एक दिवस घरात राहू दे." वहिनी दारात उभ्या होत्या. त्याही म्हणाल्या, "सोमवारी मी पाठवते त्यांना, बाय." आता मयतानंतर जो तो मला विचारतो, आपा, तुम्ही डॉक्टर असून एक दिवस कसा काय थांबलात? त्यांना मी विचारते, मी काय करायला हवं होतं? साडेपाच फुटाची बाई मी, सहा फुटाच्या शुद्धीवरच्या माणसाला खांद्यावर टाकून नेणार होते? तो हो म्हणाला नाही तर कायद्यानेही त्याला कोणी हलवू शकत नव्हतं. हात जोडायचे ते जोडले होते, शिव्या द्यायच्या त्या देऊन झाल्या होत्या.

रविवारी दुपारी जेवून तो झोपला तो उठलाच नाही. वहिनींना वाटलं, पाहुणी आहे, झोपू दे, उतरेल. चहाच्या वेळेला हाक मारली तर घोरणं वेगळंच येत होतं. मी पोचले तेव्हा त्याच्या एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती, दुसरी लहान. गाडीत मागच्या सीटवर त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. रस्ता कंटेनरांनी भरलेला, आणि मी त्या माणसाला शिव्या घालत होते, वहिनींसमोर, ड्रायव्हरसमोर, लाज सोडून. ऑपरेशन झालं. रक्त निघालं, पुष्कळ निघालं. सर्जन बाहेर येऊन म्हणाला, मॅडम, आठवडाभर आधी आणलं असतं तर... मी म्हटलं, मला माहीत आहे. पुढे काही दिवस तो तसाच होता, डोळे मिटलेले. एवढं मात्र झालं की एकनाथसारखा तीन वर्षं पडून राहिला नाही. ज्याला तो भीत होता ते त्याच्या वाट्याला आलं नाही, आणि ज्यातून तो सहज वाचला असता त्याने तो गेला. मी नमाज पढताना त्याच्यासाठी दुवा मागते आणि मधेच दात ओठ खाते. अल्लाला माझी सवय आहे.

आता सकाळ-संध्याकाळ मीच बसते. सकाळचे पेशंट आत येतात, खुर्चीकडे बघतात आणि आपण कशाला आलो ते विसरतात. मला त्यांच्याशी गोड बोलता येत नाही, म्हणून मी त्यांचा बीपी बघते. परवा सकाळी मान वर केली तर रांगेत निर्मलावहिनी. शेअर रिक्षाने एकट्याच आल्या होत्या, पदर डोक्यावरून घेऊन, शेवटच्या बाकावर. मी बोलावलं तर म्हणाल्या, "नंबर येऊ दे, बाय." नंबर आला तेव्हा समोर बसल्या आणि म्हणाल्या, "डोका दुखतंय. रडून रडून दुखतंय, दुसरा काय न्हाय. घरात सगळे बोलतान, डॉक्टरकडे जाऊन झोपेची गोळी आण." चेहरा उतरलेला, वजन घटलेलं, केसांचा गुंता झालेला. नवरा जाऊन महिना झालेली बाई दुसरी कशी दिसणार? कोणालाही वाटेल तेच मलाही वाटलं.

पण काशिनाथची एक खोड होती. डोकेदुखीच्या पेशंटला तो टेबलापलीकडून तपासत नसे. उठून त्याच्या शेजारी बाकावर जाऊन बसायचा. आणि पेशंट साठीच्या पुढची बाई असली की हमखास फणीची चौकशी करायचा. मी त्याला चिडवायचे, तू डॉक्टर आहेस की फणी-करंडे विकणारा? फणी लागली की कानशील दुखतं असा एक आजार असतो, तो आपल्याकडे इतका कमी की बहुतेक डॉक्टरांना तो पुस्तकातच भेटतो, पण हा पठ्ठ्या दर म्हातारीला विचारायचा. मी उठले. टेबलाला वळसा घालून वहिनींच्या शेजारी बाकावर बसले. म्हटलं, "वहिनी, केस विंचरताना दुखतं?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमाना कोनी सांगितला?"

आठ-दहा दिवस त्यांनी डोक्याला फणी लावली नव्हती. फणी टेकवली की कानशिलाला आग लागायची. घरच्यांना वाटलं, नवरा गेला, आता कशाला विंचरतील. त्या जेवतही नव्हत्या. भाकरी चावली की जबडा भरून यायचा, म्हणून अर्धी ताटात ठेवायच्या. घरच्यांना वाटलं, नवऱ्यामागे अन्नावरची वासना गेली. सगळ्या खुणा तिथे होत्या आणि प्रत्येक खुणेवर घरच्यांनी सुतक पांघरून ठेवलं होतं. मी कानशिलावर बोट ठेवलं. शीर सुतळीसारखी कडक झाली होती. मग जे विचारायची मला भीती वाटत होती ते विचारलं, "डोळ्यांना काही?" त्या म्हणाल्या, "परवा उजव्या डोळ्यापुढं परदा आला. जरा येळ. मंग गेला. उपाशी होती ना मी."

या आजारात कानशिलाची शीर सुजते आणि ती सूज डोळ्याच्या शिरेपर्यंत गेली की दृष्टी जाते, आणि गेलेली परत येत नाही. एका डोळ्यापाठोपाठ दुसराही जातो. रिपोर्टची वाट बघत बसायचं नसतं. मी कपाटातून स्टेरॉइडच्या गोळ्या काढल्या, तिथेच पाणी देऊन माझ्यासमोर गिळायला लावल्या, ठाण्याच्या डॉक्टरांना फोन केला आणि रांगेतल्या लोकांना सांगितलं, घरी जा. वहिनी म्हणाल्या, "उद्या जाऊ की. एवढे लोक बसलेत तुमचे." मी म्हटलं, "चला." त्या आणखी काही म्हणणार होत्या, पण माझं तोंड बघून उठल्या. रिपोर्ट अजून हातात यायचे आहेत. गोळ्या चालू आहेत. डोळ्याचं आताच काही सांगता येणार नाही, असं तिकडचे म्हणतात.

त्या सकाळी ठाण्याला जाताना गाडीत त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्याच रस्त्याने चाललो होतो, तशीच कंटेनरांची रांग. मग म्हणाल्या, "ते असते तर त्यांनी वळखला असता?" मी म्हटलं, "तुमचं? तुम्ही दारातून आत येण्याआधी." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. तसंच बघत त्यांनी विचारलं, "मंग सोताचा कसा न्हाय वळखला?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "ओळखलं होतं, वहिनी. पहिल्या दिवसापासून."

मग त्यांनी डावा डोळा तळहाताने झाकला आणि उजव्या डोळ्याने पुढच्या कंटेनरच्या पाठीवरचा नंबर वाचायला लागल्या, एकेक आकडा, मोठ्याने. तो कंटेनर वळला की त्याच्या पुढचा. ठाणे येईपर्यंत त्या वाचत होत्या, आणि मी प्रत्येक आकडा बरोबर आहे का ते बघत होते.